तिसऱ्या घंटेआधीचं वादन

इंद्रायणीच्या बाबांनी, गोपाळरावांनी, तीस वर्षं सोलापूरच्या हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. नोकरी होटगीला रेल्वेत, जीव मात्र नाट्यगृहात. हौशी नाटक कधी वेळेवर सुरू झालंय? नटाच्या मिशा सापडत नसत, प्रमुख पाहुणे वाटेत असत, आणि तिसरी घंटा होईपर्यंत प्रेक्षकांना धरून ठेवायचं काम यांच्या गळ्यात पडे. पायानं भाता मारत, डोळे मिटून ते मनाला येईल ते वाजवत. एकदा वाजवलेलं पुन्हा कधी वाजवलं नाही. लोक तेवढ्या वेळात खुशाल शेंगा खात बसत.

ते गेल्यावर त्या वादनाच्या तीन कॅसेटी तेवढ्या उरल्या. इंद्रायणी शाळेत संगीत शिकवते, तिचा कान तयार. हे सगळं स्वरलिपीत उतरवायचं, पुस्तक काढायचं, म्हणजे बाबा राहतील, असं तिनं मनावर घेतलं. मे महिन्याच्या सुट्टीत ती टेपरेकॉर्डर घेऊन बसली. थांबव, मागे घे, ऐक, लिही. आठ दिवसांत पहिली कॅसेट वहीत उतरली.

पडताळून पाहायला तिनं ती पुन्हा लावली. भात्याची करकर होती, प्रेक्षकांतला खोकला होता. ऑर्गन नव्हता.

जुनी टेप, घासली असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कॅसेटची मात्र आधी मोबाइलवर नक्कल करून घेतली. लिहून झालं आणि कॅसेट मुकी झाली. मोबाइल लावला, तर त्यातही करकर आणि खोकला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हिनं उठून पंखा बंद केला.

वही तर होती. तिनं पेटी ओढली आणि वाचून वाजवलं. एकही स्वर चुकला नाही, आणि त्यात बाबा कुठेच नव्हते. तेव्हा ती रडली.

तिसरी कॅसेट लिहायची नाही, नुसती ऐकायची, असं तिनं ठरवलं. पण शिकलेल्या कानाला नुसतं ऐकता येतं थोडंच? पहिली सुरावट आली आणि तिच्या डोक्यात आपोआप नावं उमटली: नी, ध, म, ग. तिनं झटकन बटण दाबलं. मागे घेऊन पाहिलं, तर तेवढा तुकडा गेला होता.

शेवटी तिनं आईला सगळं सांगितलं. शकुंतलाबाईंना एवढ्या वर्षांच्या संसारात सा कुठला नि रे कुठला हे कधी कळलं नव्हतं. गोपाळराव त्यावरून त्यांची मनसोक्त थट्टा करत. शकुंतलाबाईंनी लेकीवर विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

"आण इकडं," त्या म्हणाल्या. "तू जा बाहेर. मी ऐकते की."

इंद्रायणी कानांत कापूस कोंबून जिन्यात बसली. अर्ध्या तासानं आईनं दार उघडलं.

"आहे का?" कापूस काढत इंद्रायणीनं विचारलं.

"आहे की. जसेच्या तसे आहेत."

त्या दिवशी इंद्रायणी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मग रोज दुपारी तेच. आई ऐकायची, लेक जिन्यात. आईच्या तोंडावर तजेला आला, ती शेजारणींशी हसूनखेळून बोलू लागली. बाबा एका माणसापुरते का होईना, शाबूत होते.

जून लागला. एका सकाळी इंद्रायणी स्वयंपाकघराच्या दारात आली, तर आई सुपात ज्वारी निवडत गुणगुणत होती. बेसूर, पण बाबांचंच. तिनं तिथून निघून जायला हवं होतं. पण ते ऐकायला ती इतकी आसुसली होती, की पाय हलेना. आणि डोक्यात नावं उमटली.

गुणगुणणं मध्येच थांबलं. आईचा हात सुपातच राहिला.

"काय गं म्हणत होते मी?"

"बाबांचं," इंद्रायणी कशीबशी म्हणाली. "ऑर्गनवरचं."

आईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"तुझे बाबा ऑर्गन वाजवायचे होय?"