गाळ कुणी सोडला?

सकाळच्या चहाची वेळ होती. सिर्गा उभ्यानेच सासऱ्यांच्या वाटीत चहा ओतत होती, तोही अर्धी वाटीच. भरून दिली तर ‘आता उठा’ म्हटल्यासारखं होतं. रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. या घरातला हा तिचा दुसरा हिवाळा, पण सासऱ्यांचं नाव अजून एकदाही तिच्या ओठांवर आलं नव्हतं. आम्हा किरगिझांच्या घरात सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. सासरे ताश्तान. आमच्या बोलीत त्या नावात दगड येतो, म्हणून सिर्गा दगडालाही ‘कठीण’ म्हणे. परवा पायावर धोंडा पडला तेव्हासुद्धा ती “आई गं, कठीण पडलं” असंच कळवळली, आणि सासू झूरा ते शेजारणींना कौतुकाने सांगत सुटली.

ताश्तान गावच्या सांडपाणी केंद्राचे प्रमुख. सिर्गाला तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनीच लावलं होतं. सगळे म्हणत, सासरा असावा तर असा.

केंद्राचा निम्मा पैसा गाळच खाऊन टाकी. पाणी शुद्ध झालं की खाली उरणारा काळा, पातळ गाळ ट्रकमधून टेकडीपलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकावा लागे. खर्च कमी करा म्हणून नगरपालिका हात धुऊन मागे लागली होती.

“अताके,” वाटी पुढे करत सिर्गा खालमानेने सासऱ्यांना म्हणाली, “ट्रकमधून आपण नुसतं पाणीच वाहतोय. थंडी पडायला लागलीय. गाळ वाफ्यांत पातळ पसरू, एक थर गोठला की त्यावर दुसरा. वसंतात बर्फ वितळलं की पाणी आपोआप निथळतं, खाली मातीसारखा गाळ उरतो. मग ट्रक अगदी थोडे लागतील.”

“वसंतापर्यंत मला खुर्चीवर कोण ठेवणार, पोरी?” ताश्तान हसले. “खर्च मी केव्हाच कमी केलाय. तू चहा ओत.”

कसा केला, ते तिला लवकरच कळलं. ट्रक बंदच होते. मागची झडप उघडून गाळ सरळ पाटात सोडला जात होता, आणि त्याच पाटावर खालच्या अंगाचं तिचं माहेर जगत होतं. तिथे तिच्या बहिणीची मुलगी काविळीने अंथरुणाला खिळली होती. तिच्या वर्गातली निम्मी पोरं घरी पडून होती.

“सगळ्या केंद्राला माहीत आहे,” तिचा नवरा कुबात म्हणाला. तो तिथेच पंपांवर होता.

“मग तुम्ही बोला ना.”

“बापाविरुद्ध? आणि तू तर तोंडच उघडू नकोस. तुला तिथं उगाच नाही लावलं. बाहेरचा कोणी असता तर फुटला असता.”

सिर्गा उठून बाहेर आली. तिने आईला फोन केला.

“आम्ही पाणी उकळून पिऊ,” आई म्हणाली. “तू घरची माणसं सांभाळ. परत आलेल्या मुलीला कोण विचारतं?”

घरातून केंद्रात, केंद्रातून घरात, आणि दोन्हीकडे एकच धनी. जावं तरी कुठे?

खालच्या गावाने तक्रार केली आणि चौकशी समिती आली. सभागृह भरलं. अध्यक्षबाईंनी झडपवाल्याला, ट्रकचालकाला, इंजिनिअरला विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. कुबातलाही नव्हतं. मग सिर्गाला उभं केलं.

“झडप कुणाच्या हुकमाने उघडत होते?”

“घरातल्या मोठ्यांच्या.”

बाकांवर खसखस पिकली. ताश्तान निवांत बसले होते.

“बाई, मीही कुणाची तरी सून आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पण असं मला लिहून घेता येत नाही. नाव लागेल.”

“केलिन,” पुढच्या बाकावरून झूरा दबक्या आवाजात म्हणाली, “केलिन म्हणून, सून म्हणून आणलंय तुला. माझे केस पांढरे झाले, मी नाही घेतलं ते नाव. तू कोण मोठी लागून गेलीस?”

सिर्गाने मान वर केली. भाचीचे पिवळे डोळे तिच्या नजरेपुढून हलेनात.

“ताश्तान,” ती म्हणाली.

“ऐकू आलं नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“ताश्तान. माझे सासरे. त्यांच्या हुकमाने.”

झूराने रुमालाची टोकं कानांवर दाबली. त्या संध्याकाळी सिर्गाची पेटी फाटकाबाहेर होती. माहेरीही तिचं स्वागत झालं असं नाही, पण आईने दार उघडलं.

झडप आता बंद आहे. गावात मात्र चर्चा गाळाची नाही. सून किती निर्लज्ज निघाली याचीच आहे. ज्या मानाच्या आडोशाने पोरांच्या पाण्यात घाण सोडता येते, त्याला मी मान म्हणत नाही. झडपवाला, चालक, इंजिनिअर, सगळे उठता-बसता ते नाव घेत असत. त्यांना कुठली रीत आडवी येत नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांच्यातल्या एकालाही ते नाव आठवलं नाही.