रिकामी वर्तुळं

दीक्षाचं पत्र तीन वर्षं माझ्या शब्दकोशात पडून होतं. उत्तर दिलं नाही. विसरलो असतो तर निदान तसं म्हणता आलं असतं.

दीक्षा वडगाव रासाईची. शाळेत असताना दर शनिवारी एसटीने शिरूरला यायची आणि मी ग्रंथपाल होतो त्या वाचनालयात परतीच्या गाडीपर्यंत वाचत बसायची. आता ती पुण्यात संशोधन करते. कर्करोग एका पिढीतून दुसरीत कसा उतरतो, हा तिचा विषय. माझ्या पत्नीला, सुलक्षणाला, स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा पुण्यात उपचारांसाठी दीक्षानेच धावपळ केली. सुलक्षणा गेल्यावर वर्षभराने पत्र आलं: ‘काका, काकूंच्या माहेरच्या बायकांची माहिती हवी आहे. प्राचीसाठीही ती गरजेची आहे.’ सोबत तक्ता होता. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळं. जिला हा आजार झाला, तिचं वर्तुळ काळं करायचं.

त्याच महिन्यात आमच्या प्राचीचं लग्न ठरत होतं. मुलीची आई हृदयविकाराने गेली, असं मी सोयऱ्यांना सांगितलं. प्राची समोर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सोयऱ्यांपुढे कप ठेवले.

तरी तक्ता भरायला बसलो होतो. सासरेबुवांच्या घरची वंशावळ माझ्याकडे होती. सात पिढ्यांचे चौकोन भरले. वर्तुळात लिहायला सुलक्षणा आणि तिची आई तुळजाबाई, एवढी दोनच नावं. तुळजाबाई काविळीने गेल्या असं ऐकून होतो.

मागच्या आठवड्यात दौंडला प्राचीकडे गेलो. जावई कुरकुंभच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले होते. प्राचीने मोबाईल पुढे केला.

“आबा, ही दीक्षाताईच्या निबंधांची यादी. एकशे बारा हायेत. आन् हा आकडा बघा. साडेचार हजार वेळा लोकांनी तिचा संदर्भ दिलाय.”

मला विज्ञान कळत नाही. पण आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटी चिठ्ठी चिकटवलेली असायची; कुणी पुस्तक नेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का पडायचा. तीस वर्षांत एकही शिक्का न पडलेल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. साडेचार हजार शिक्के! वाचता वाचता चहा निवला.

एका निबंधाचा सारांश प्राचीने मराठीत सांगितला. घरोघरच्या वंशावळीत बायकांची नावंच नाहीत, म्हणून आजार सापडत नाही. म्हाताऱ्या बायकांना विचारलं की सापडतो.

“तिचं पत्र आलं होतं ना, त्याला तुम्ही काय कळवलंत, आबा?”

“काहीच नाही.”

“तीन वर्सं?” तिने मोबाईल खाली ठेवला. “मी ह्यांना लग्नानंतर आठ दिवसांत समदं सांगितलं. तुम्ही अजून हार्ट अटॅकच धरून बसलाय. तपासणी मला करायचीय, आबा. माझी आई हाय ती.”

मी चपला घातल्या. सुलक्षणाची मावशी सोजराबाई दौंडमध्येच राहते. नव्वदी उलटली आहे. दारात बसून शेंगा सोलत होती.

“मावशी, तुमच्या आईचं नाव काय होतं?”

“अगं बाई! चाळीस वर्सांचं जावई तुम्ही, आन् आज इचारताय व्हय?” ती हसली. “भागुबाई. सासरी बदललं, पर मला भागूच आवडतं.”

“कशाने गेल्या?”

शेंगा सोलणं थांबलं. “थानात गाठ हुती. कुणाला दावणार?”

“आणि तुळजाबाई? कावीळ ना?”

“कावीळ लोकांना सांगायला. अक्काचं बी त्येच. मागं पोरींची लग्नं व्हायची हुती, जावईबापू. खरं सांगितलं असतं तर तुमी तरी आला असता का?”

तिने शेंगांची मूठ माझ्या हातावर ठेवली.

प्राचीकडे परतून कोऱ्या कागदावर तक्ता पुन्हा काढला. भागुबाई, तुळजाबाई, सुलक्षणा. तिन्ही वर्तुळं काळी केली. सुलक्षणाचं करताना शाई रेषेबाहेर गेली. खाली प्राचीचं वर्तुळ काढलं आणि ते कोरंच ठेवलं.

सोबतचं पत्र चार ओळींचं झालं. ‘सुलक्षणा कर्करोगाने गेली. सोयऱ्यांशी मी खोटं बोललो होतो. प्राची तपासणीला येईल. तुझी यादी पाहिली. समजलं थोडंच, पण सगळी वाचली.’ शेवटची ओळ खोडावी असं दोनदा वाटलं. तशीच ठेवली.

दौंडच्या पोस्टाबाहेरच्या पेटीत पाकीट टाकलं. आत पडल्याचा आवाज नीट आला नाही, म्हणून फटीत बोटं घालून पाहिलं. हाताला काही लागलं नाही; पाकीट आत गेलं होतं.