भिलाआप्पांच्या डोक्यावरची काच

चांगल्या गाडीच्या टपाला भोक पाडा म्हणणाऱ्याला मी आधी चहा पाजतो, मग घरी पाठवतो. बावीस वर्षं सारंगखेड्यात डेंटिंगचं काम करतोय. पत्रा सरळ करणं हा माझा धंदा, फाडणं नाही. पण दीपमालाताईंनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

त्यांचे वडील भिलाआप्पा. साठ वर्षं इथल्या घोड्यांच्या यात्रेत लोकांच्या घोड्यांवर बसून त्यांची चाल दाखवली आणि दिवाळीआधी एका घोडीवरून पडून पाठीचा मणका मोडून घेतला. नंदुरबारला ऑपरेशन केलं तर निदान बसता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तपासणीला त्यांना मागच्या सीटवर आडवं करून नेलं, तेव्हा जाता-येता डोळ्यांपुढे फक्त टपाचं कापड. जन्मभर अंगणात झोपलेला माणूस. घरी येऊन म्हणाले, "त्या पेटीमा मी परत जास नही. आठेच, घरमाच मरसू." ऑपरेशनची तारीख दहा दिवसांवर होती, म्हणून ताईंना टपाला आभाळ दिसेल एवढं भोक हवं होतं.

मी सुरतच्या भंगारातून एक छोटा सनरूफ आणला. ताईंची गाडी गॅरेजपुढे उन्हात घेतली, स्वतः मागच्या सीटवर आडवा झालो आणि नाकासमोर खडूने खूण केली. टपाखालची आडवी पट्टी वाचवत ग्राइंडर फिरवला. तुकडा निघाला आणि त्या मळक्या सीटवर ऊन येऊन बसलं. मी ग्राइंडर बंद करून बघतच राहिलो. इतकी वर्षं गाड्यांत घालवली, पण गाडीच्या आत एवढं आभाळ कधी पाहिलं नव्हतं. मग काच बसवली, वरून चार बादल्या पाणी ओतलं. एक थेंब आत आला नाही.

ऑपरेशनला निघायच्या सकाळी आप्पांना उजव्या दाराकडे डोकं करून काचेखाली ठेवलं. त्यांनी डोळे उघडले, आभाळ पाहिलं आणि लगेच विचारलं, "उत्तर कथी शे?"

गाडीचं तोंड नंदुरबारकडे, म्हणजे पश्चिमेला. उजवीकडे उत्तर.

"उत्तरले डोकं करीसन मुडदा झोपस. फिरावा माले."

गॅरेजपुढे गाडी पूर्वेला तोंड करून उभी होती, आणि मी सवयीने दक्षिणेलाच डोकं ठेवून आडवा झालो होतो. खूण केली ती तिथेच. जायचं उलट्या दिशेला, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. आता आप्पांना फिरवलं तर काच त्यांच्या पायांवर आली आणि डोळ्यांपुढे तेच कापड.

"उतारा माले," आप्पा म्हणाले. ताईंनी तोंड फिरवलं. कापलेला पत्रा काही परत उगवत नाही. मला माझीच लाज वाटली.

आप्पांनी काचेकडे बोट करून विचारलं, "येतांना गाडीनं तोंड कथा ऱ्हाई?"

"घरकडे, आप्पा. उगवतीले."

"म्हणजे मन्हं डोकं काचखाले."

"हा."

"मंग चाल. जातांना पाय देखतीन, येतांना मी देखसू."

बारा दिवसांनी त्यांना आणायलाही मीच गेलो. बसायला अजून वेळ होता; या खेपेला डोकं उजवीकडे, दक्षिणेला. काच मी पूर्ण उघडली होती. आप्पा वाटभर आभाळ बघत होते. ताई सारखं मागे वळून बघत होत्या.

तापीच्या पुलाजवळ यात्रेच्या गाड्यांची रांग लागली होती. उजवीकडे एक ट्रक येऊन थांबला, त्यात पांढरा घोडा. त्याने मान खाली घातली, आमच्या टपावर हुंगलं आणि सनरूफमधून तोंड आत घातलं. त्याच्या श्वासाने आप्पांचे पिकले केस हलले. आप्पांनी हात वर करून त्याच्या हनुवटीला लावला आणि तसाच ठेवला. रांग पुढे सरकली, मागचे हॉर्न वाजवू लागले. मी गाडी हलवली नाही, ट्रकवाल्यानेही नाही.

"ललित," आप्पा हळूच म्हणाले, "साठ वरीस मी घोडा वरतून देखा. इतला मोठा शे तो, हाई माले मालूमच नव्हतं."