झोंबींच्या सिनेमातला दरवाजा

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे, आणि झोंबींच्या सिनेमातलं माझ्याइतकं क्वचितच कुणाला कळत असेल. हसू नका मित्रांनो. आमच्या घरातला टीव्ही माझ्या बरोबर समोर आहे, त्यामुळे असे सिनेमे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत मेलेली माणसं उठतात, पाय फरफटत चालतात आणि शेवटी कुठल्यातरी दरवाजापाशी येतात. पुढचा सगळा सिनेमा त्या दरवाजावर चालतो. उघडायचा की नाही? कुणासाठी उघडायचा? दरवाजाच नसेल तर गोष्ट अर्ध्या तासात आटपेल. तरी शेवटच्या नावांच्या यादीत आमचं नाव कधी येत नाही.

माझं घर वसईजवळ राजोडीच्या रस्त्यावर, केळीच्या बागेत आहे. घराचा आताचा मालक फर्डिनंड. त्याच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा सुताराने मला इथेच, अंगणातल्या आंब्याखाली घडवलं. माझ्यावर वेलबुट्टी कोरली आणि बाहेरच्या अंगाला एक जाड लोखंडी कडी बसवली. त्या काळी येणारा पाहुणा आधी माझ्यावरून हात फिरवायचा, "लाकूड कसलं आहे!" म्हणायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी माझ्या चौकटीला पातीचा क्रूस खोचला जायचा. नाताळात माझ्यावर चांदणी लटकायची. माझं खरं काम मात्र उघडं राहण्याचं होतं. सकाळी उघडलेला मी रात्रीच बंद व्हायचो.

पुढे दिवस बदलले. पाहुणे फाटकातूनच फोन करू लागले, "आलोय, बाहेर ये." कडी वाजेनाशी झाली, तिच्यावर गंज चढला. बिजागऱ्यांना तेल घालायचं कुणाला सुचेना. पावसाळ्यात मी फुगायचो आणि अडकून बसायचो, तेव्हा लोक मला लाथ मारायचे. त्यातच शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि फर्डिनंडच्या मोबाइलवर रोज नवा निरोप येऊ लागला. अमुक गल्लीत अनोळखी माणसं फिरत आहेत, सावध राहा. एक दिवस तो म्हणाला, "हा दरवाजा नीट लागतसुद्धा नाही. लोखंडी सांगितलाय. सोमवारी बसवतील."

मी काय बोलणार? दरवाजाला तोंड नसतं.

फर्डिनंडची मुलगी कॅरल आनंदाने ओरडली, "डॅडी, मग हा मला द्या! माझ्या सिनेमात तोडायला!"

कॅरल सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. वसईतल्या तरुणांच्या लघुपट स्पर्धेसाठी तिला झोंबीपट करायचा होता. तिची आई सुझान वैतागून म्हणाली, "देवाने चांगलं डोकं दिलंय, आणि ही मेलेल्यांना नाचवणार."

"मम्मी, मेलेला माणूस चालायला ऊर्जा कुठून आणतो, ते आपण विचारायचं नाही. तेवढं मुकाट्याने गिळायचं," कॅरल म्हणाली. "खरी गंमत झोंबीत नाहीच. झोंबी सगळे सारखे वागतात. वेगळी वागतात ती दाराच्या आतली माणसं. वीज काढून घे, पोलीस काढून घे, देवळाची घंटा काढून घे, मग माणसात काय उरतं? हा एक प्रयोग आहे."

"आणि काय उरतं?"

"भीती."

तिची कथाही तशीच होती. बाहेर साथ पसरली आहे. शेजारीण दार ठोठावते. तिला लागण झाली असेल या भीतीने आतली आई दार उघडत नाही. शेजारीण झोंबी होते, सगळ्यांना घेऊन येते आणि दार कुऱ्हाडीने फोडलं जातं. कुऱ्हाड खरी, दारही खरं. रविवारी दुपारी चित्रीकरण आणि माझा शेवट. इतकी वर्षं मी सिनेमा पाहिला, आता सिनेमात काम मिळालं, तेही मरण्याचं!

रविवारी अंगण झोंबींनी भरून गेलं. गल्लीतली पोरंच ती. तोंडाला तांदळाचं पीठ, ओठांवरून बिटाचा रस. त्यांचा म्होरक्या आणि कॅमेरावाला एकच, कॅरलचा चुलतभाऊ जेन्सन. आई झाली सुझान. शेजारीण झाली खरी शेजारीण रुक्मिणी, जिची पानवेलीची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे.

"ॲक्शन!"

रुक्मिणीने माझ्यावर तळहात आपटला, बांगड्या किणकिणल्या, "सुझान, मला आत घे!" आणि सुझानने मला सताड उघडलं.

"कट! मम्मी, उघडायचं नाहीये!"

"हात आपोआप गेला गं."

पुढच्या वेळी सुझानने हात पाठीमागे बांधून घेतले. रुक्मिणी ओरडली. सुझान थरथरत्या आवाजात म्हणाली, "रुक्मिणी, हे दार बंद ठेवायला सांगितलंय. तू मागच्या दाराने ये."

झोंबी अंगणात लोळून हसले. जेन्सन म्हणाला, "काकी, झोंबीला मागचा रस्ता कोण सांगतं यार?"

मग सराव सुरू झाला. कॅरल पुन्हा पुन्हा बजावत होती, "तू घाबरलेली आहेस. बाहेरचं माणूस म्हणजे धोका. म्हण, 'जा, इथे जागा नाही.'" सुझान कधी वाक्याआधी 'अगं' लावायची, कधी रडायची, एकदा तर "जेवलीस का?" विचारून बसली. ऊन कलायला आलं. कुऱ्हाड ओट्यावर पडून माझ्याकडे बघत होती.

शेवटी कॅरल काकुळतीला आली. "मम्मी, एकदा नीट कर. माझ्यासाठी."

सुझानने डोळे मिटले. "ॲक्शन!" कॅरल ओरडली.

आणि मित्रांनो, माझी कडी वाजली.

मी चमकलो. कडी धरून सावकाश तीनदा वाजवणं ही जुन्या माणसांची रीत. बाहेर रुक्मिणी नव्हती. एक थकलेला म्हातारा होता, चिखलाने भरलेला, एका पायात चप्पल. तो झोंबींच्या मधून हळूहळू चालत आला होता. पोरांना वाटलं, हा कुणीतरी फार झकास काम करतोय. एकाने त्याला अंगठा वर करून दाखवला होता.

त्याने माझ्यावरून हात फिरवला. किती वर्षांनी कुणीतरी! मग आत ऐकूही जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "घरात कोन हाय का? पानी द्या."

आतून 'कोण?' असं कुणी विचारलंच नाही. ते संवादात लिहिलेलं नव्हतं. सुझान थंड, सरळ आवाजात म्हणाली, "जा. इथे जागा नाही."

"कट! मम्मी, ग्रेट! याच्यासाठी दिवसभर मरत होतो!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर तो हात माझ्यावरून निघाला. म्हातारा ओट्याच्या पायरीकडे वळला. माझ्या सगळ्या फळ्या ओरडत होत्या, पण बिजागरीला तेल नसल्याने फक्त एक बारीक करकर निघाली.

सुझान हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "बांगड्या वाजल्या नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"रुक्मिणीच्या बांगड्या. आणि ती कडी कधी वाजवत नाही. रुक्मिणी आहे कुठे?"

"मी इथे!" स्वयंपाकघरातून आवाज आला. रुक्मिणी चहा ओतत होती आणि तिच्याभोवती दोन झोंबी बिस्किटं खात बसले होते. "उन्हात किती उभी राहू? मागच्या दाराने आले. तूच म्हणालीस ना?"

सुझानने मला इतक्या जोरात ओढलं, की मी फुगल्याचं विसरून उघडलो.

म्हाताऱ्याला आत बसवलं. फर्डिनंडने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, स्वतः त्याच्या पायांचा चिखल धुतला आणि नाव विचारलं. तो म्हणाला, "हरिश्चंद्र. गाव चांदीप." मग खूप वेळ आठवून, "लेकीकडं राहतो. तिथं सगली दारं सारखी. माझं कंचं, ते कलत नाय. हे दार आमच्या दारासारखं दिसलं."

झोंबी ताबडतोब त्याच्या लेकीला शोधायला शेजारच्या इमारतीकडे पळाले, तोंड धुवायचं विसरून. पिठाळलेल्या, लाल ओठांच्या पोरांना पाहून पहारेकऱ्याने फाटकच लावून घेतलं. जेन्सन बाहेरून हात जोडून म्हणत होता, "काका, आम्ही चांगले झोंबी आहोत!" अखेर गच्चीतून वडिलांना हाका मारणाऱ्या त्याच्या लेकीने, कृतिकाने ते ऐकलं. धावत आमच्याकडे आली, तर वडील दोन झोंबींच्या मधे बसून चहात पाव बुडवत होते. ती आधी रडली, मग हसायला लागली.

ती त्यांना घेऊन गेल्यावर कॅरल कॅमेऱ्यात ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, दार न उघडायला तुला दुपारभर शिकवावं लागलं. उघडायला कुणीच शिकवलं नव्हतं. माझा निष्कर्ष चुकला."

"मग आता?"

"शिकवलेलं मी मोजत होते. आधीपासून होतं ते मोजायचंच राहिलं." तिने कुऱ्हाड उचलली आणि लाकडं फोडायच्या जागी ठेवून आली.

सिनेमाचा शेवट बदलला. आता दार उघडतं, आणि तोवर मागच्या दाराने आलेले झोंबी स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले दिसतात. पहिलं बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांच्या मते यात भीती कमी पडली. पण लोक इतके हसले, की सुझान गल्लीत नटी झाली. आणि मित्रांनो, शेवटच्या नावांमध्ये एक ओळ आहे : 'दरवाजा - स्वतः'.

चित्रीकरणाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, लोखंडी दरवाजा आलाच. फर्डिनंड त्याच्याभोवती फिरला, त्याच्यावर बोटाने टिचकी मारली आणि विचारलं, "याला कडी कुठाय?" कडी नव्हती. तो दरवाजा आता बागेत पंपाच्या खोलीला आहे. पंप अगदी सुरक्षित आहे. मला नवी खिटी मिळाली, फुगलेली कड रंध्याने तासून घेतली आणि बिजागऱ्यांत तेल पडलं.

मित्रांनो, मला कुलपाचा राग नाही. रात्री मीही बंद असतो आणि शांत झोपतो. माझं मागणं थोडंच आहे. घरातल्या जुन्या दाराला अधूनमधून तेल घाला. आणि कुणी ठोठावलं, तर जे वाक्य तुम्हाला कुणी शिकवलंय ते म्हणण्याआधी 'कोण?' असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आता मला थांबायला हवं. संध्याकाळ झाली, कृतिका वडिलांना फिरायला घेऊन आली असेल. कडी वाजते आहे, सावकाश, तीनदा. आणि आतून सुझान विचारते आहे, "कोण?"