बेतानं पाणी

नर्सने तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा कुठे शीर सापडली. कल्पिताने सान्वीचा हात मनगटाशी दाबून धरला होता. तापाने तो भाजत होता. सान्वीने ओठ घट्ट मिटून घेतले, ती रडली नाही. तेरा वर्षांच्या त्या पोरीच्या अंगातली थंडी मात्र दोन चादरी घालूनही थांबत नव्हती.

"अंगात पाणी कमी पडलंय, म्हणून शिरा मिळत नाहीत," नर्स म्हणाली आणि सलाइन लावून निघून गेली.

थोड्या वेळाने डॉक्टरबाई आल्या. हातात रिपोर्ट होता.

"लघवीचं इन्फेक्शन आहे. किडनीपर्यंत पोचलंय. आणखी उशीर केला असतात तर कठीण होतं. तीन-चार दिवस ठेवावं लागेल." मग त्या कॉटच्या कडेवर टेकल्या. "दिवसभरात किती पाणी पितेस गं, बाळा?"

सान्वीने आईकडे पाहिलं.

"खरं सांग. कोणी ओरडणार नाही."

"सकाळी अर्धा ग्लास. मग डायरेक्ट घरी आल्यावर."

"आणि शाळेत?"

"शाळेत नाही पीत. प्यायलं की जावं लागतं ना. तिकडे खूप घाण असते. मम्मी पण नाही पीत कामावर. सवय केली की जमतं."

डॉक्टरबाईंनी कल्पिताकडे पाहिलं नाही. मान खाली घालून त्या कागदावर औषधं लिहीत राहिल्या. त्यांनी आपल्याकडे पाहिलं असतं, दोन शब्द बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं कल्पिताला वाटलं. सान्वीच्या तोंडचं वाक्य कल्पिताचं स्वतःचं होतं. दोन वर्षांपूर्वी, पाचवीतून सहावीत गेलेली सान्वी शाळेच्या बाथरूमची तक्रार घेऊन आली, तेव्हा कणीक मळता मळता कल्पिता सहज म्हणाली होती, "बेतानं प्यायचं पाणी. सवय केली की जमतं."

तिला जमलं होतं. डोंबिवलीच्या बाजारात साड्यांच्या दुकानात ती नऊ वर्षं कामाला होती. गिऱ्हाईक गादीपुढे बसलं की आधी ट्रेमधून थंड पाणी द्यायचं, मग साड्या उलगडायच्या, ही तिथली रीत. दिवसाकाठी शंभरेक ग्लास तरी दुकानात काम करणाऱ्या बायकांच्या हातून पुढे जात. दुकानात बाथरूम एकच होतं, वर माळ्यावर, श्रीपादशेठच्या केबिनला लागून. ते शेठचं आणि त्यांच्या घरच्यांचं. बायकांना कोणी तसं तोंडाने सांगितलेलं नव्हतं. पण सगळ्यांना माहीत होतं. भाजी मंडईच्या मागे सार्वजनिक होतं, पण जाऊन यायला वीस मिनिटं लागत आणि परत आल्यावर शेठ घड्याळाकडे बघत. म्हणून कल्पिता सकाळी अर्धा कप चहा घेई, आणि मग रात्री कोपर स्टेशनजवळच्या घरी पोचेपर्यंत फार तर दोन घोट. चारच्या सुमारास डोकं जड होई. मधूनमधून उन्हाळी लागे, लघवीला जळजळ होई. रविवारी धण्याचं पाणी पिऊन ती आपल्यापुरतं निभावून नेई. यात कोणाला सांगण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी सान्वीला घरी सोडलं. गाल बसले होते, पण ताप नव्हता. पुढच्या सोमवारी शाळेत जाताना कल्पिताने दोन बाटल्या भरून तिच्या दप्तरात ठेवल्या.

"दोन्ही संपवायच्या. तुझ्या बाईंशी बोललेय मी. त्या टीचर्सच्या बाथरूमला सोडतील तुला."

"आणि तू?"

"माझं काय?"

"तू पिणार?"

"माझं वेगळं आहे, सानू."

"काय वेगळं आहे?"

कल्पिता तिची वेणी घालत होती. तिने तिसरा पेड उचलला, पुन्हा सोडला. पोरगी उलट बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वेणी पुरी करून कल्पिता ओट्यापाशी गेली, तांब्या भरला आणि उभ्यानेच सगळा प्यायली. सान्वी दारात थांबून बघत होती. मग दप्तर पाठीला लावून जिना उतरली.

लग्नसराई होती. अकरापासून दुकानात बसायला जागा नव्हती. बारा वाजता गिऱ्हाइकांना पाणी देता देता कल्पिताने ट्रेमधला एक ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. शेजारी साड्यांच्या घड्या घालणारी विनिता बघतच राहिली.

"अगं, काय करतेस? अजून आठ तास आहेत."

"माहितीये."

एक वाजता तिने हातातला शालू गादीवर ठेवला आणि माळ्याचा जिना चढू लागली. दहा-बारा पायऱ्या चढायला तिला बराच वेळ लागला.

श्रीपादशेठ फोनवर होते. त्यांनी भुवई वर केली. "कुठला माल पाहिजे?"

"माल नको. बाथरूमला जायचंय."

शेठनी फोन कानापासून बाजूला केला. "इथे? अगं, तुम्ही सगळ्या बाहेर जाता ना?"

"कोणी जात नाही, शेठ. आम्ही पाणीच पीत नाही."

तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. "परवा पोरगी ॲडमिट होती ना माझी, तुम्ही रजा दिलेली. माझं बघून तिनं पाणी सोडलेलं. किडनीवर आलेलं तिच्या."

शेठ तिच्याकडे बघत राहिले. मग टेबलावरच्या कागदांकडे, मग बाथरूमच्या दाराकडे. खालून कोणीतरी पैठणीचा भाव विचारत होतं. ते उठले, चष्मा खिशात घातला आणि तिच्या शेजारून निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. जिना उतरतानाची त्यांची पावलं तिला ऐकू येत राहिली.

ती आत गेली.

तिने नळाखाली हात धुतले. चेहऱ्यावर पाणी मारलं, तो पदराने पुसला. उद्या कामावर बोलावतील की नाही, हा विचार आला आणि तिथेच राहिला. तिने दार उघडलं.

खाली श्रीपादशेठ स्वतः गादीवर मांडी घालून गिऱ्हाइकाला साडी दाखवत होते. पदर कुठला आणि काठ कुठला ते त्यांचं त्यांनाच सापडत नव्हतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर विनिता उभी होती. तिच्या मागे, भिंतीला हात टेकून, गंगुबाई. दुकान उघडल्यापासूनची, सगळ्यांत जुनी. गेली बावीस वर्षं तिने कुणाकडे काही मागितल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

विनिताने बाजूला होऊन गंगुबाईला आधी पुढे जाऊ दिलं. ती दुखरा गुडघा दाबत वर आली. दारापाशी थांबली, आणि कल्पिताच्या कानाशी वाकून तिने हलक्या आवाजात विचारलं,

"आतून कडी आहे का गं?"

"आहे," कल्पिता म्हणाली. "घट्ट बसते."