शेवटचे दहा

आमच्या कारखान्यात नवं यंत्र पास करायची एकच रीत. शंभर ठोके. नव्वदपर्यंत पत्रा चिमट्याने ठेवायचा आणि शेवटचे दहा, ज्याने यंत्र आखलं त्याने उघड्या हाताने. आपल्याच कामाखाली हात घालायला जो कचरतो त्याचं काम गिऱ्हाइकाने का घ्यावं, असं मालकांचं म्हणणं. मालक स्वतः कधी हात घालत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

यंत्र माझ्या धाकट्या भावाचं होतं. पेडल दाबलं की हातोडा खाली येऊन पत्र्यावर नंबर उमटवतो, आणि परतीची स्प्रिंग त्याला वर खेचून तिथेच धरून ठेवते. ती तुटली तर साडेचार किलो पोलाद कुणाचं ऐकत नाही.

बावीस वर्षं मी कानशी घासल्या. धाकट्याला हाताला धरून इथे मीच आणला, मीच शिकवला. आणि आता यंत्र पास झालं तर खिडकीजवळचं ड्रॉइंगचं टेबल त्याला मिळणार होतं. त्या टेबलावर माझा कधीचा डोळा. माझ्या पोटात दुखलं, सरळ सांगतो.

सकाळी तेल देताना मला दिसलं. स्प्रिंगच्या टोकाचा आकडा, म्हणजे अडकवायचा हूक, त्याने गोल पिनेवर न वळवता पकडीने काटकोनात वाकवला होता. वळणावर पकडीच्या दातांचा ओरखडा. स्प्रिंग तिथूनच तुटते, हे मी त्याला छप्पन्न वेळा सांगितलं होतं. घाई, दुसरं काय! मी तेल दिलं आणि तोंडातून ब्रही काढला नाही. गिऱ्हाइकासमोर नाक कापलं जाऊ दे, एवढंच मनात होतं. चिमटा असेपर्यंत कुणाला इजा होणार नव्हती.

गिऱ्हाईक आणि मालक समोर उभे होते. ठोके मोजायचं काम माझं. मोजणाऱ्याने 'थांब' म्हटलं की थांबायचं. पन्नास झाले, सत्तर झाले, नव्वद झाले. मेली स्प्रिंग तुटेचना.

धाकट्याने चिमटा खाली ठेवला आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला. "मला सगळं दादाने शिकवलंय. शेवटचे दहा त्यानेच ठेवावेत, मान त्याचा आहे."

मालक कौतुकाने हसले. खरं सांगावं, तर सकाळपासून गप्प का होतास, हे आलंच.

"छे रे," मी म्हणालो, "काम तुझं, मान तुझाच."

तो लाजला, बाही वर सारली आणि पत्रा हाताने ठेवला. मी मोजत राहिलो. एक्क्याण्णव. ब्याण्णव. दर वेळी वाटायचं, आता थांब म्हणावं. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

पंच्याण्णवावा ठोका पडला, हातोडा वर गेला, तो पत्रा उचलायला वाकला आणि वर टक् असा बारीकसा आवाज झाला.

दवाखान्यात त्याचा बांधलेला उजवा हात उशीवर ठेवला होता. दोन बोटं उरली होती, अंगठा गेला होता. मला बघून तो हसायला लागला.

"दादा, बरं झालं तू नाही म्हणालास. आकडा मीच घाईत काटकोनात वाकवला होता. तुझा हात गेला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं?"

खिडकीजवळच्या टेबलावर आता मी बसतो. त्याचंच ड्रॉइंग मी पुरं केलं, आकडा तेवढा गोल काढला. धाकटा डाव्या हाताने माझ्या पेन्सिलींना टोक करून देतो, आणि कुणी नवीन आलं की सांगतो, हा माझा मोठा भाऊ, मला सगळं यानेच शिकवलं.