धूळ धरणारा खडा

"डोळे गेलेत तुमचे, पॉलिशबाई. दुसरं काही नाही," मालक म्हणाले आणि परत आलेला खोका त्यांनी तिच्या चाकाशेजारी आपटला.

खोक्यात साठ काळे टूर्मलीन होते. कुणी तारेत गुंफून गळ्यात घालावेत, कुणी नुसतेच खिशात बाळगावेत, असे बोराएवढे, गुळगुळीत खडे. एकूण एक तिच्या हातचे. हा दगड जात्याच ठिसूळ. यंत्राच्या पिंपात टाकला तर चुरा व्हायचा, म्हणून एकेक हातात धरून चाकावर घासावा लागे. सव्वीस वर्षं ती तेच करत होती. तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक होतं.

हस्तकलेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या बाई खोका घेऊन जातीने आल्या होत्या. "कपाटात दिव्याखाली मांडते मी," त्या म्हणाल्या. "सकाळी पुसावेत तर संध्याकाळी पुन्हा धूळ! आणि दुसरीकडून घेतलेले हे बघा. वर्षभरात फडकं लावलं नाही." त्यांनी पर्समधून दोन काळेभोर खडे काढून टेबलावर ठेवले.

"धुण्यात कसर राहतेय," मालकांनी निकाल दिला. "सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. या वयात आरामाचं काम बरं."

पॉलिशबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मोतीबिंदू होता, ती कुठे नाही म्हणत होती? पण पॉलिश काय डोळ्यांनी करतात? तिने ते दोन खडे उचलून बोटांत फिरवले, आणि तिला हसूच आलं.

"तुमचा टेबलावरचा दिवा लावा," ती मालकांना म्हणाली. "आणि ती सिगारेटच्या राखेची बशी द्या इकडे."

"कशाला?"

"लावा हो. आरामाला सोमवार आहेच."

तिने कमरेच्या पिशवीतून स्वतःचा खडा काढला. न फुटता तिच्या हातून उतरलेला तो पहिला खडा. थोरल्या मालकांनी, म्हणजे या मालकांच्या वडिलांनी, तो तिलाच देऊन टाकला होता, आणि तेव्हापासून तो तिच्या कमरेलाच असे. तिने तो आणि बाईंच्या पर्समधून निघालेला एक खडा शेजारी शेजारी दिव्याखाली ठेवला. चांगले तापू दिले. मग आधी बाईंचा खडा राखेजवळ नेला. काही झालं नाही. मग आपला नेला.

राख उडून खड्याला चिकटलेली तिला नीट दिसली नाही. दोघांचे चेहरे दिसले, तेवढं पुरलं.

"थोरल्या मालकांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं हे. तुम्ही तेव्हा शाळेत होता," ती मालकांना म्हणाली. "हा दगड तापला की धूळ ओढतो. स्वभावच आहे त्याचा. दिव्याखाली वर्षभर चकाचक राहते ती काच."

दुकानवाल्या बाईंनी आपला दुसरा खडा उलटसुलट करून पाहिला. वर्षभर त्यांनी काच विकली होती. पण त्या लगेच सावरल्या. "अहो, पण गिऱ्हाइकाला काय सांगू? खरा आहे म्हणून मळतो? लोकांना स्वच्छ हवं असतं." मग मालकांकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्हीच काच द्याल का? टूर्मलीन छापलेलं कार्ड हेच राहू दे."

मालकांनी पॉलिशबाईकडे बघायचं टाळलं. "देऊ की. पॅकिंगला या आहेतच."

बाईंनी टेबलावरचा गरम खडा उचलला आणि फुंकर मारून राख उडवली. "हा मात्र मला राहू द्या. पर्समध्ये ठेवायला."

पॉलिशबाईने तळहात पुढे केला. "आणा तो."

"फुकट नको हो, किंमत देते ना."

"विकायचा नाही. स्वतःला खरा आणि गिऱ्हाइकाला काच? दुकानात मांडाल तोच पर्समध्ये ठेवा."

"पॉलिशबाई, तोंड आवरा!"

"सव्वीस वर्षं आवरलं. टूर्मलीन छापलेल्या कार्डात मी काच भरणार नाही. सोमवारी दुसरं कुणीतरी बघा."

खडा पिशवीत टाकून तिने चाक बंद केलं, रोजच्यासारखं पुसलं आणि अंगावरचा एप्रन खुंटीला टांगला. भीती वाटत होतीच. अठ्ठावन्नाव्या वर्षी, असल्या डोळ्यांनिशी, दारात कोण उभं करणार होतं तिला?

घरी नवरा भाजी चिरत बसला होता. बस चालवण्यातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्याच्याकडे आणि साफसफाईचं वेडही त्याच्याकडेच होतं.

"आज दुपारीच? चाक बिघडलं की काय?"

"मालक बिघडला," ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

त्याने विळी बाजूला सारली. "वाईट वाटतंय?"

"चाकाचं वाटतंय." तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

खडा तिने खिडकीत ठेवला होता. तिथे दुपारचं ऊन यायचं. संध्याकाळ होत आली तशी ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. "अहो, बघा जरा. धूळ बसलीय का?"

"बसलीय की. चांगली दिसतेय." तो फडकं घेऊनच आला. "पुसतो थांब."

"हात लावून तर बघा!"

तो फडकं खांद्यावर टाकून मागे सरला. ऊन खिडकीच्या कडेला गेलं होतं. तिने कागदाच्या कोपऱ्याने तो खडा धुळीसकट उन्हात सरकवला.